आवाजाचा रकाना

कोल्हापुरात हळू बोलणाऱ्या माणसाला लोक आधी विचारतात, बरं वाटत नाही का? इथे दोन मित्र प्रेमानं बोलायला लागले, की परगावचा माणूस भांडण सोडवायला मध्ये पडतो. अशा गावात एखाद्याचे कान हळूहळू जायला लागले, तर ते कळणार कुणाला? हेर्लेकर सरांचे कान दहा-बारा वर्षं जात होते आणि ते ना शेजाऱ्यांना कळलं, ना मुलीला, ना खुद्द सरांना.

सर म्हणजे कॉलेजात तेहतीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. घरी त्यांना अप्पा म्हणत. वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे कुरकुरणारे, जीभ मात्र अजून वर्गातलीच. कळंब्याच्या रस्त्याला त्यांचं चार खोल्यांचं घर होतं आणि त्यात ते आणि पद्मजा अशी दोनच माणसं. पद्मजा शाहूपुरीतल्या एका शाळेत शिकवायची. तिनं लग्न केलं नव्हतं. का केलं नव्हतं, याची कारणं गल्लीतल्या बायकांना तिच्यापेक्षा जास्त ठाऊक होती.

अप्पांचा सगळा जीव नाकतोडे, रातकिडे आणि त्यांच्या गणगोतावर. दुसऱ्यांची पोरं बापाकडून राजा-राणीच्या गोष्टी ऐकत. पद्मजानं ऐकलं ते असं, की आखूड मिशांचा नाकतोडा उन्हाचा भक्त. तो आखूड गवतात राहतो आणि पानाला कडेनं कुरतडत आत जातो. काळा रातकिडा ढेकळाखाली बीळ करतो. त्याला बी चालतं, मूळ चालतं, वेळ आली तर मेलेला भाऊही चालतो. ओल्या मातीत एक असतो, पुढचे पाय फावड्यासारखे. तो जमिनीखालून मुळं खातो आणि शेतकऱ्याच्या शिव्याही खातो. आणि तळ्याकाठच्या उंच गवतात राहतो तो मिशाळ. हे नाव अप्पांनीच ठेवलेलं. पात्यासारखा हिरवा, टोकदार डोक्याचा, मिशा अंगापेक्षा लांब. गवताच्या तुऱ्यात दाणा दुधात आला, की मिशाळ तेवढा दाणा पोखरून खातो आणि टरफल जागच्या जागी ठेवतो. "कोण कुठं राहतो आणि काय खातो एवढं कळलं, की प्राणी कळला," अप्पा म्हणत. "माणसाचंही तेच. बाकी सगळ्या पदव्या."

एकोणीसशे ब्याण्णव सालापासून त्यांचा एक नेम होता. गणपती गेले, की दिवाळीपर्यंत दर बुधवारी दिवेलागणीला कळंबा तलावाकाठच्या एका ठरलेल्या दगडावर जाऊन दहा मिनिटं डोळे मिटून बसायचं. लहानपणी पद्मजाही बरोबर असायची. तिथे बोलायचं नाही. ऐकू आलं, की हात वर करायचा. बाप आणि लेक डोळे मिटून बसलेले आणि एकदम दोघांचे हात वर, हे बघून म्हशी धुवायला आलेली माणसं हसायची. घरी आल्यावर अप्पा रजिस्टरात लिहीत. तारीख, जागा, गवत, खाल्ल्याच्या खुणा आणि आवाज, असे पाच रकाने. आवाजाच्या रकान्यात मिशाळापुढं वीस-बावीस वर्षं 'आहे' होतं. मग काही वर्षं 'तुरळक'. आणि गेली सात वर्षं 'नाही'.

खाल्ल्याच्या खुणांचा रकाना मात्र त्यांनी कधीच सोडून दिला होता. वाकून तुरे तपासायला गुडघे साथ देत नव्हते आणि अप्पांना गरजही वाटत नव्हती. चौदा जाती नुसत्या आवाजावरून ओळखणारा माणूस तो. कान असताना वाकायचं कशाला, असा त्यांचा तोरा होता, आणि तो तोरा साऱ्या कॉलेजानं तेहतीस वर्षं जोपासला होता.

उन्मेष त्यांचा जुना विद्यार्थी. आता स्वतः प्राध्यापक. सरांच्या रजिस्टरांचं छोटं पुस्तक करायचं त्यानं मनावर घेतलं होतं. शेवटचं प्रकरण अप्पांनी स्वतः लिहून दिलं. कळंब्याच्या काठावरून मिशाळ कायमचा गेला, असं ते प्रकरण. ते पद्मजाला वाचून दाखवताना अप्पा मध्येच थांबले आणि त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. आई गेल्यावर दोन वर्षांत ते पहिल्यांदा रडले, ते एका किड्यासाठी. पद्मजाला त्यांचा रागही आला आणि कणवही.

यंदा गुडघ्यांनी अप्पांना घरीच बसवलं होतं. म्हणून पुस्तक छापायला जायच्या आधीच्या बुधवारी उन्मेष फोटो काढायला निघाला तेव्हा पद्मजा बरोबर गेली. व्हरांड्यातल्या बरण्यांत अप्पांनी चार-पाच नाकतोडे पाळले होते, त्यांच्यासाठी ओलं गवतही आणायचं होतं. तिनं विळ्यानं काठचं गवत कापून भारा बांधला. दिवस कलला तशी दोघं त्या दगडावर जाऊन बसली.

आणि गवत वाजायला लागलं.

सुरीला धार लावणाऱ्याचं चाक लांबून ऐकू यावं तसा बारीक, न थांबणारा आवाज. एक, मग दुसरा, मग सगळा काठच. पद्मजाचा हात आपोआप वर गेला. तीस वर्षांपूर्वी ऐकलेला आवाज तिनं क्षणात ओळखला होता.

"मिशाळ," ती म्हणाली.

उन्मेष उठून गवतात शिरला. मोबाइलच्या उजेडात त्यानं दोन तुरे वाकवून बघितले. दाणे नव्हते, नुसती टरफलं. "ताई, शेकड्यानं आहेत की इथं," तो म्हणाला आणि हसला. मग त्याचं हसू हळूहळू मावळलं. "सरांना ऐकूच येत नाहीये. म्हातारपणी बारीक आवाज आधी जातो. जाड आवाज राहतो, म्हणून माणसाला कळतही नाही. माझ्या बाबांचं तसंच झालंय. मिक्सर ऐकू येतो, शेजारचा टीव्ही ऐकू येतो, पण थर्मामीटर काखेत ठेवला की बसून राहतात. पिपी वाजलेलं कळतच नाही."

पद्मजाला थर्मामीटर दिसत नव्हता. तिला आईच्या खोलीतलं यंत्र दिसत होतं.

दोन वर्षांपूर्वीचा एप्रिल. आईची फुप्फुसं थकली होती आणि शाहूपुरीतल्या एका दुकानातून ऑक्सिजनचं यंत्र भाड्यानं आणलं होतं. दुकानातल्या गुंडू नावाच्या माणसानं ते बसवलं आणि अप्पांना नीट समजावून सांगितलं, की लाइट गेली, की यंत्र बंद पडून ओरडायला लागतं. ते ओरडलं, की शेजारच्या सिलिंडरची नळी जोडायची. एवढंच काम. एका दुपारी अडीचला लाइट गेली. पद्मजा शाळेत होती. शेजारची चिमणाबाई घराला कुलूप लावून मलकापूरला लेकीकडे गेली होती. अप्पा व्हरांड्यात खुर्चीवर बसून रजिस्टर उतरवत होते, आईच्या दारापासून दहा पावलांवर. तिथे पंखा नव्हता आणि उजेड भरपूर होता, त्यामुळे लाइट गेलेली त्यांना कळली नाही. लिहिण्याच्या तंद्रीत यंत्राची घरघर थांबलेलीही जाणवली नाही. साडेतीनला ते चहाचं विचारायला आत गेले तेव्हा सगळं संपलं होतं. यंत्राचा आवाज वाजून वाजून थांबला असावा, असं तेव्हा कुणाच्या मनातही आलं नाही. अप्पा म्हणाले, यंत्र वाजलं नाही. ज्याला चौदा जातींचे रातकिडे कानानं कळतात, त्याला दहा पावलांवरचं यंत्र कळणार नाही? सगळ्यांनी मान डोलावली.

गुंडू दारात उभा राहून रडला होता. "सर, म्या दुकानात सोता लावून बघितलं हुतं. वाजत हुतं ओ," असं तो पुन्हा पुन्हा सांगत होता. अप्पांनी त्याच्यावर चार पानी तक्रार लिहिली. मालकानं दुसऱ्या दिवशी गुंडूला काढलं आणि यंत्र परत मागायची मालकाची छातीच झाली नाही. ते अजून आईच्या खोलीत उभं होतं, जुन्या साडीखाली झाकलेलं. त्याला अप्पांनी दोऱ्यानं एक चिठ्ठी बांधली होती, ते टाचणीला लावलेल्या किड्यांना बांधत तशीच. तारीख, जागा, वेळ. आणि खाली, 'आवाज: नाही'. पुरावा आहे म्हणून त्याला कुणी हात लावायचा नाही, असा हुकूम होता.

"सरांना कसं सांगायचं?" उन्मेष विचारत होता. "तशी बातमी आनंदाचीच आहे म्हणा."

"आत्ता नको," पद्मजा म्हणाली. "छपाई थांबव. काहीतरी कारण सांग. पण अप्पांना यातलं अक्षर सांगू नकोस." त्याला नवल वाटलं, पण ताईंचा चेहरा बघून त्यानं मान हलवली.

घरी येईपर्यंत तिनं मनाशी पक्कं केलं होतं. अप्पा म्हातारे आहेत, आणखी किती वर्षं. मिशाळ गेला म्हणून रडले तर रडू देत. पण मिशाळ आहे असं कळलं, तर दुसरं कळायला त्यांना पाच मिनिटं पुरतील. जन्मभर खुणांवरून माग काढलेला माणूस तो. एका किड्यापासून आईच्या खाटेपर्यंत दोन पावलं होती. ती त्यांना टाकू द्यायची नाहीत, एवढंच आता तिच्या हातात होतं.

पण माणूस योजतो एक. तिनं गवताचा भारा व्हरांड्यात टेकवला, हातपाय धुऊन आली, आणि दारातच थबकली. भारा वाजत होता.

अप्पा शेजारी खुर्चीत बसले होते. भारा त्यांच्या गुडघ्याला लागत होता. आतून तो बारीक आवाज घरभर घुमत होता आणि अप्पा शांतपणे पेपर वाचत होते.

"गवत चांगलं आणलंस," ते म्हणाले. "पण बघ कसं मुकं गवत आहे. पूर्वी असा भारा घरात आला, की तुझी आई म्हणायची, ही वाजंत्री बाहेर ठेवा."

पद्मजा म्हणाली, "अप्पा, हे फार ओलं आहे. बाहेर टाकते. उद्या दुसरं आणीन."

"खुळी का काय? ओलंच लागतं त्यांना. राहू दे."

ती गवत सारखं करायच्या निमित्तानं भाऱ्यात हात घालून चाचपडली. हात लागला, की आवाज थांबायचा. हात काढला, की सुरू. हिरव्या पात्यात हिरवा किडा, तो काय हाताला लागतोय. अप्पा जेवायला उठले आणि झोपायला गेले, तरी तो तिला सापडला नाही.

सकाळी तिला जाग आली ती अप्पांच्या हाकेनं. "पद्मा! लवकर ये."

अप्पा फरशीवर बसले होते. ज्या गुडघ्यांनी त्यांना महिनाभर घराबाहेर पडू दिलं नव्हतं, ते गुडघे मुडपून बसले होते. समोर काचेची बरणी, बरणीत गवताचा एक तुरा आणि तुऱ्यावर मिशाळ. तो पुढच्या पायांत दाणा धरून खात होता, सावकाश, कडेकडेनं.

"नर आहे," अप्पा म्हणाले. "आहे गं अजून. मी त्याचा मृत्युलेख लिहून बसलो आणि हा इथं नाश्ता करतोय." ते हसले. आई गेल्यापासून पद्मजानं त्यांना असं हसताना बघितलं नव्हतं, आणि आता बघवत नव्हतं.

त्यांनी सकाळीच उन्मेषला फोन केला, पुस्तक थांबव म्हणून. उन्मेषनं बरं म्हटलं. कुंपणाच्या भिंतीवरून त्यांनी चिमणाबाईलाही बातमी दिली. चिमणाबाईच्या दारात दोन म्हशी होत्या आणि तिचा आवाज त्या म्हशींनाही भारी होता. "किडा घावला व्हय? बरं झालं की," ती ओरडली. "आमच्या वैरणीत ढिगानं असत्यात, उद्या पाटीभर धाडतो." अप्पांना तो प्रत्येक शब्द स्वच्छ ऐकू आला.

दिवसभर ते बरणीपाशी बसून होते. "दिवेलागणीला वाजेल," ते म्हणाले. "पोट भरलेला नर वाजल्याशिवाय राहत नाही. आज रजिस्टरात 'आहे' लिहीन." पद्मजानं रजा टाकली होती. आपण बाहेर गेलो आणि यांना एकट्यालाच कळलं तर, ही भीती तिला घर सोडू देईना.

संध्याकाळ झाली. अप्पांनी रजिस्टर उघडून मांडीवर घेतलं, पेनाचं टोपण काढलं आणि डोळे मिटून बसले. थोड्या वेळानं बरणी वाजायला लागली. इतक्या जवळून तो आवाज कानात सुई गेल्यासारखा होता. अप्पा डोळे मिटून वाट बघत होते. पाच मिनिटं. सात मिनिटं. मग वैतागून त्यांनी डोळे उघडले आणि बरणीकडं बघितलं.

मिशाळाचे पंख थोडे उचललेले होते आणि थरथरत होते, इतके जलद, की कडा दिसत नव्हत्या.

अप्पा बघत राहिले. त्यांनी बरणी उचलून उजव्या कानाला लावली, मग डाव्या. पुन्हा खाली ठेवली आणि पुन्हा पंखांकडं बघितलं. पंख असे उचलून किडा दुसरं काही करत नाही, हे त्यांनीच दोन पिढ्यांना शिकवलं होतं.

"पद्मा," ते म्हणाले, "वाजतोय?"

नाही म्हणायचं, असं ती कालपासून घोकत होती. पण पंख त्यांच्या डोळ्यांसमोर हलत होते. या माणसाला आता खोटं सांगितलं, तर ते कळेल आणि का सांगितलं तेही कळेल. तिनं हात वर केला.

अप्पांनी पेनाला टोपण लावलं. ते रजिस्टराची पानं मागं उलटत गेले, एक वर्ष, दोन वर्षं. मग उलटणारा हात थांबला. त्यांनी मान वळवून आईच्या खोलीच्या दाराकडं बघितलं.

"त्या दिवशी लाइट किती वाजता गेली होती?"

"अप्पा, नको ना."

"विचारलं तेवढं सांग."

"अडीचला."

"मी साडेतीनला आत गेलो." त्यांनी रजिस्टर मिटलं. "गुंडू कुठं असतो हल्ली?"

"अप्पा, त्यानं आता काय होणार आहे? जे झालं ते झालं."

"मी चार पानं लिहिली होती त्याच्यावर," अप्पा म्हणाले. "तपासल्याशिवाय. त्याला रविवारी बोलाव. दुपारी अडीचला."

शाहूपुरीत एका बोळाच्या तोंडाशी गुंडूनं मिक्सर-पंखे दुरुस्तीचं खोकं टाकलं होतं. शनिवारी शाळा सुटल्यावर पद्मजा तिथं गेली. त्यानं तिला ओळखलं आणि हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवून उभा राहिला. तिनं सगळं सांगितलं. सांगताना तिला शरम वाटत होती. दोन वर्षांत तिनं एकदाही या माणसाची चौकशी केली नव्हती.

गुंडू खाली मान घालून ऐकत होता. "म्हंजे वाजलं हुतं," तो शेवटी म्हणाला. "मला दोन वरसं झोपंत बी त्येच दिसतंय ताई. म्या कुठली तार सैल ठेवली, म्हणून." त्यानं बाहीनं तोंड पुसलं. "येतो की. आत एक शेल असतोय, त्यो गेला असंल. नवा घालावा लागंल."

"गुंडू, तुम्ही अप्पांवर रागावला असाल."

"हुतो," तो म्हणाला. "आता बघू."

रविवारी तो वेळेवर आला. अप्पांनी स्वच्छ धुतलेला सदरा घातला होता. बस म्हणाले, पाणी दिलं, आणि मग म्हणाले, "गुंडू, मला एक गोष्ट तपासायची आहे. तुझी मदत लागेल." माफीचं ते काही बोलले नाहीत. आधी प्रयोग, मग निष्कर्ष, हा त्यांचा जन्माचा शिरस्ता होता.

गुंडूनं साडी बाजूला केली. चिठ्ठी वाचली, पण तिला हात लावला नाही. मागचं झाकण काढून नवा सेल घातला, धूळ फुंकली, यंत्र सुरू करून बघितलं. ते घरघरायला लागलं. ती जाड घरघर ऐकून अप्पांनी मान हलवली. ती त्यांना ऐकू येत होती.

"मी त्याच खुर्चीत बसतो," अप्पा म्हणाले. "दार तेव्हाएवढंच उघडं ठेवा. मी डोळे मिटतो. तुला वाटेल तेव्हा प्लग काढ, सांगू नकोस. ऐकू आलं, की मी हात वर करीन."

ते व्हरांड्यात जाऊन बसले. मांडीवर रजिस्टर, दोन्ही हात रजिस्टरावर, डोळे मिटलेले. पद्मजा दाराच्या चौकटीत उभी राहिली, जिथून दोघंही दिसत होते. गुंडूनं तिच्याकडं बघितलं आणि प्लग काढला.

घरघर थांबली आणि यंत्र ओरडायला लागलं. बारीक, टोचणारा, थांबून थांबून येणारा आवाज. पद्मजा पहिल्यांदाच तो ऐकत होती. दहा पावलांवर आई पडली होती आणि हा आवाज तिच्या उशाशी ओरडत होता, हे आता तिला कळलं, नुसतं मनाला नव्हे, अंगाला. तिनं अप्पांकडं बघितलं. ते तसेच बसले होते, मान किंचित तिरकी, दगडावर बसायचे तशी. त्यांचा चेहरा उत्सुक होता. उजवा हात वर जायला तयार होऊन रजिस्टरावर थांबला होता.

एक मिनिट गेलं. दुसरं गेलं. हात हलला नाही.

गुंडू खोलीच्या दारात आला. पद्मजाला वाटलं, आता हा बोलणार, आणि त्यानं बोलावं हा त्याचा हक्कच होता. तो अप्पांकडं बघत उभा राहिला.

"सर," तो मोठ्यानं म्हणाला, "न्हाय वाजत. माजीच चूक हुती. आतली तार जळल्याली हाय, तवापासनंच. मशीन वाजलंच नव्हतं."

त्याच्या पाठीमागं यंत्र ओरडतच होतं. पद्मजाला त्याच्या पाया पडावंसं वाटलं. तिनं तोंडावर पदर दाबून धरला.

अप्पांनी डोळे उघडले नाहीत. पण त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण सैल पडला, खांदे खाली आले, आणि क्षणभर पद्मजाला वाटलं, वाचले.

तेवढ्यात कुंपणाच्या भिंतीपलीकडून चिमणाबाईचा आवाज आला. "ओ सर! काय कोकलतंय ओ त्ये मगाधरनं? कान किटलं माझं, म्हसरं बी बुजल्यात. बंद करा की त्ये!"

भिंतीपलीकडं बादली आपटली. मग चिमणाबाई आत निघून गेली असावी.

अप्पा डोळे मिटून तसेच बसले होते. गुंडू जागचा हलला नाही. थोड्या वेळानं रजिस्टरावरचा उजवा हात उचलला गेला, हळूहळू, कोपरापर्यंत, मग खांद्याच्या वर, आणि वरच राहिला.

गुंडू आत गेला आणि त्यानं यंत्राचा सेल काढला.